आझेलीच्या घराचं जोतं

वेरोनिकाच्या झाडापाशी आल्यावर आझेलीनं उजव्या पायातला बूट काढला, उलटा करून झटकला, आत काही नाही हे बघितलं आणि परत पायात चढवला.

"खडा नव्हता. पायच कुरकुरतोय," ती म्हणाली आणि चालायला लागली.

गुड फ्रायडेची क्रुसाची वाट आमच्याकडे रस्त्यावर होते. धाकट्या गावाच्या चर्चपासून थोरल्या गावाच्या चर्चपर्यंत, बायूच्या काठाकाठानं. बायू म्हणजे आमची नदी. ती वाहते आहे की उभी आहे हे पान टाकून बघावं लागतं. वाटेवरच्या ओकांच्या खोडांवर येशूच्या शेवटच्या वाटचालीची चित्रं ठोकलेली आहेत, एका झाडावर एक; वेरोनिका नावाची बाई येशूचं तोंड पुसते ते चित्र ज्याच्यावर, ते वेरोनिकाचं झाड. लोक चित्रापाशी थांबतात, गुडघे टेकतात, प्रार्थना म्हणतात आणि पुढे निघतात. डाव्या हाताला गुडघाभर उसाचे फड, उजव्या हाताला पाणी. माझे यजमान इथल्या साखर कारखान्यात, म्हणून मी इतकी वर्षं लुईझियानात आहे. कुणी देवाच्या नावानं चालत असलं की मला घरात बसवत नाही, म्हणून दर वर्षी आझेलीबरोबर निघते.

एरवी आझेलीच्या फ्रेंच प्रार्थनेपुढे पाद्रीबाबांचा आवाजही ऐकू येत नाही. त्या दिवशी मात्र तिची जपमाळ एकाच मण्यावर अडकली होती. तिच्या डोळ्यांपुढे वधस्तंभ नव्हता, घराची मागची बाजू होती. अर्धी उकरलेली आणि अर्धी तशीच राहिलेली.

मागून यूसेब आला. आझेलीचा शेजारी, तिच्याच वयाचा, लांब टांगा टाकणारा.

"आझेली, भाच्याचं माती उपसायचं यंत्र अजून माझ्या अंगणात उभं आहे. नुसतं हो म्हण. आपण शेवटच्या झाडापाशी पोचायच्या आत तुझी माती साफ झालेली असेल."

"आज नाही."

"उद्या त्याला यंत्र कामावर न्यायचंय. आज सुट्टी म्हणून मोकळं आहे."

"आज सुट्टी का आहे तेच विसरलास वाटतं."

 यूसेबनं माझ्याकडे बोट केलं. "मग हिला सांग ना. हिच्या देवानं काही मनाई केलेली नाही. हिच्या हातात फावडं दिलं की झालं."

"ती कुणी का असेना," आझेली म्हणाली. "माती कॅथलिक आहे."

त्या वाटेवर हसू नये, पण मला हसू आलं. यूसेबही हसला आणि लगेच त्यानं छातीवर क्रुसाची खूण केली.

गुड फ्रायडेला जमीन उकरायची नाही, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी फावडं मारलं तर मातीतून रक्त येतं म्हणतात. ते आलेलं कुणी पाहिलेलं नाही, कारण आजवर कुणी उकरलंच नाही.

"मग तुझी आई गुड फ्रायडेला पार्सली लावायची, ते कसं?" यूसेबनं विचारलं.

"पार्सलीच्या बीसाठी मातीत बोटानं भोक पाडतात. पार्सलीला परवानगी आहे."

"कुणी दिली?"

"आईनं."

 आझेलीच्या आईपुढे त्या काठावर कुणाचं काही चालायचं नाही.

आझेली डुगा सत्तरी ओलांडलेली बाई. सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. त्या गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक माणसानं तिच्या हातचा भात आणि तपकिरी रस्सा खाल्लेला आहे, म्हणून सगळे तिला मिस आझेली म्हणतात आणि ती सगळ्यांना ताटात काय टाकायचे त्यावरून ओळखते. नवरा अर्व्हील होड्या दुरुस्त करायचा. तो बिछान्यावर, शांतपणे गेला. त्यानंतरच्या वर्षी वादळ आलं, बायू खिडक्यांच्या उंबऱ्यापर्यंत चढली, आणि वडिलांनी बांधलेलं सायप्रस लाकडाचं घर आतून सडलं. ते पाडावं लागलं. पाडताना आझेली तिथे उभी नव्हती. ती मागच्या चिखलात बसून आईच्या जांभळ्या आयरिस फुलांचे गड्डे शोधत होती. सापडले तेवढे बादलीत घालून ती राज्याच्या राजधानीत मुलीकडे, नेल्वाकडे गेली.

नेल्वाचं घर चौथ्या मजल्यावर. तिथे गड्डे गच्चीतल्या टबात जगले आणि आझेलीही जगली, पण दोघांनाही फूल आलं नाही. पुढे सरकारी मदत मंजूर झाली आणि आझेली परत येऊन जागेवर ठेवलेल्या सरकारी ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, राहू लागली. जुन्याच जागेवर नवं घर बांधायचं, मात्र जोतं उंच, आणि पुराचा विमा उतरवल्याशिवाय किल्ली मिळणार नाही, ही अट. विम्यासाठी मोजणीदाराचा उंचीचा दाखला लागतो: घराची सगळ्यात खालची जमीन, म्हणजे खोलीतली पायाखालची फरशी, पूररेषेच्या किती वर आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. ती पूररेषेच्या खाली निघाली तर हप्ता असा लागतो की आझेलीसारखीला तो झेपायचा नाही.

"दाखला चांगला आला तर मी एक शब्द बोलणार नाही," नेल्वानं आईला सांगितलं होतं. "नाही आला तर जागा विकायची आणि कायमचं माझ्याकडे यायचं. ईस्टरपर्यंत काय ते होऊ दे. त्यानंतर तुझा सरकारी ट्रेलरही उचलून नेणार आहेत."

आझेली कबूल झाली. घाबरायचं काय कारण? कंत्राटदारानं जोतं, पायाच्या भिंतींवर उभं आणि आतून पोकळ, तिच्या छातीपर्यंत घेतलं होतं.

पण घर उभं राहिलं आणि आझेलीला ते बघवेना. पाण्यातून चाललेल्या बाईनं झगा वर खोचावा तसं ते दिसायचं. खाली सगळे पाय उघडे. शिवाय तिची मारियामाता. जुन्या न्हाणीच्या टबाचा अर्धा भाग उभा पुरून त्याच्या कमानीत बसवलेली ही मूर्ती तेवढी वादळातून वाचली होती. "मला वर घेतलंत, हिलाही घ्या," असं तिनं कंत्राटदाराला सांगून पाहिलं. "मिस आझेली, हिचा विमा वरूनच उतरवलेला असणार," असं म्हणून तो निघून गेला.

मग आझेलीनं तिच्या सगळ्या काठानं केलं असतं तेच केलं. आमच्याकडची जमीन खचते. ज्याला त्याला आजोबांची एखादी जागा दाखवता येते, जिथे आता मासे आहेत. त्यामुळे माती हाती आली की ती घराला लावायची, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्या हिवाळ्यात कालवा साफ झाला आणि काळी माती फुकट मिळू लागली. यूसेबनं ट्रॅक्टर जोडला आणि खेपांवर खेपा आणून टाकल्या. चारही बाजूंनी भिंतीला टेकून आझेलीनं छान उतरते वाफे केले. मागे, बायूच्या बाजूला, आईच्या आयरिस लावल्या. त्याच बाजूच्या कोपऱ्यात सगळ्यात उंच ढीग केला आणि त्यावर मारियामाता बसवली. घराचे पाय झाकले गेले. आयरिसना कळ्या आल्या. लांबून घर टेकाडावर असल्यासारखं दिसायला लागलं आणि आझेली समाधानानं ट्रेलरच्या पायरीवर बसून त्याकडे बघत कॉफी पिऊ लागली.

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी गिद्री आला. चाळिशीचा, सावकाश बोलणारा मोजणीदार. त्यानं तिपाईवर दुर्बीण बसवली, उंबऱ्यावर पट्टी धरली, आकडा टिपला आणि मान हलवली.

"घरातली जमीन झकास आहे, मिस आझेली. पूररेषेच्या चांगली वर."

"तू तोच ना, ताटातली भेंडी रुमालात बांधून नेणारा?"

"भेंडी मी अजूनही खात नाही," असं म्हणत तो पट्टी घेऊन खालच्या झडपेतून घराखाली शिरला. बाहेर आला तेव्हा कोपरांना चिखल होता आणि तोंडावरचं हसू गेलं होतं.

"ही माती कुणी टाकली?"

"मी. का? चांगली आहे, कालव्याची."

"माती चांगलीच आहे. पण घराखालची जमीन आता चारही बाजूंच्या जमिनीपेक्षा खाली गेली."

"गेली तर गेली. माती चढवली म्हणजे घर उंच झालं ना?"

"घर होतं तिथंच आहे. तुम्ही त्याच्याभोवती वाटीचा काठ बांधलात. नियमाप्रमाणे हे तळघर झालं. आणि मग सगळ्यात खालची जमीन म्हणून मला तळघराचीच लिहावी लागते."

आझेलीला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. आमच्याकडे हातभर खणलं की पाणी लागतं. थडगीसुद्धा जमिनीच्या वर बांधतात.

"आम्ही मेलेल्यांनाही खाली ठेवत नाही, आणि मला तू तळघर देतोस?"

"मी नाही दिलं, तुम्हीच केलंत. आणि हे बघा, पायाच्या भिंतीतले झरोके. पाणी आलं तर आतबाहेर जायला ठेवलेत. तुम्ही ते अर्धे बुजवलेत."

आझेलीनं बघितलं. झरोक्यांतून तिची पिटुनियाची फुलं डोलत होती.

"आता?"

"एक अख्खी बाजू मोकळी करा. बाहेरची जमीन आतल्या जमिनीच्या बरोबरीला किंवा खाली आली पाहिजे, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. बाकीच्या बाजूंना झरोके उघडे केले की भागेल. शनिवारी सकाळी मी इकडे असेन. त्यानंतर महिनाभर तरी यायला जमणार नाही."

"कुठलीही बाजू चालेल?"

गिद्रीनं घराकडे बघितलं, मग पाण्याकडे. "उतार मागे बायूकडे आहे. दुसरीकडे उकरलंत तर खड्डा होईल आणि त्यात पाणी साठेल."

मागे म्हणजे आयरिस.  तो गेल्यावर ती ढिगापाशी गेली आणि मारियामातेच्या पायाशी पडलेली काटकी उचलून बाजूला टाकली.

गुरुवारी सकाळीच ती आणि यूसेब कामाला लागले. झरोके तासाभरात उघडे झाले. मागची बाजू सरेना. ती काळी माती फावड्याला चिकटते ती झटकून पडत नाही, बोटांनी ओढून काढावी लागते. दोघांच्या मिळून चार गुडघ्यांतला एकच धड होता, आणि तोही यूसेबचा. आझेलीनं एकेक गड्डा हातानं मोकळा करून बादलीत ठेवला. कळी मोडली की ती "हं" करायची, बस. चर्चच्या संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली आणि फावडी ठेवावी लागली, तेव्हा अर्धी बाजू खाली आली होती. मारियामातेचा कोपरा तसाच होता.

रात्री नेल्वा आली. शुक्रवारी सकाळी यूसेबनं दारापाशी येऊन यंत्राचं सांगितलं आणि मायलेकींची जुंपली.

"आई, यंत्र समोर उभं आहे. फक्त हो म्हणायचंय."

"आज जमीन फोडायची नाही."

"मग उद्या दुपारी मला म्हणू नकोस की देवानं घर घेतलं. देवानं यंत्र पाठवलंय."

"देवानं यंत्र पाठवायचं असतं तर गुरुवारी पाठवलं असतं."

"तुला हे घर हवंय की नको?"

आझेलीनं डोक्याला रुमाल बांधला. "हवंय. पण आजच्या दिवशी ज्याच्याखाली फावडं मारलंय असं घर नकोय. रोज रात्री मला तिथंच झोपायचं आहे." आणि ती क्रुसाच्या वाटेला निघाली. नेल्वा आली नाही.

हे सगळं मला तिनं वेरोनिकाच्या झाडापासून पुढे, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. प्रार्थनेला थांबलो की गोष्ट थांबायची, उठलो की पुढे सुरू. ख्रिस्त तिसऱ्यांदा पडतो त्या झाडापाशी तिला उठता येईना, तेव्हा मी हात दिला.

"मी चूक तर करत नाही ना?" तिनं मला विचारलं. सबंध वाटेत हे एकदाच.

मी म्हटलं, "आमच्यात माझी आई उपासाच्या दिवशी डॉक्टरांनी सांगूनही खायची नाही. आम्ही ओरडायचो. आता मीही खात नाही."

"म्हणजे तुला कळतंय," ती म्हणाली. मग तिनं जपमाळेचा पुढचा मणी धरला, आणि शेवटच्या झाडापर्यंत तिचा आवाज नेहमीसारखा सगळ्यांच्या वर होता.

शनिवारी उजाडताना मी बादली आणि खुरपं घेऊन गेले. बायूवर धुकं होतं. घरामागून चपक, चपक असा आवाज येत होता. आझेली ट्रेलरच्या दारात उभी होती, अंगात नाइटगाउन, हातात एक मोजा.

"मी अजून खाली उतरलेच नाही," ती मला हळूच म्हणाली. "मग मागे कोण आहे?"

मागे नेल्वा होती. पायांत बापाचे रबरी बूट, केस रबरबँडात कसेतरी कोंबलेले, गालावर चिखल. मारियामातेच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा लांब पट्टा तिनं निम्म्याहून जास्त खाली आणला होता.

"ही माती आहे की गोंद?" ती आईकडे न बघता म्हणाली. "आणि घरासाठी करतेय असं समजू नकोस. तू कंबर मोडून घेतलीस तर मलाच रजा काढावी लागेल म्हणून करतेय."

"बरं," आझेली म्हणाली.

"आजीचे राहिलेले गड्डे त्या टोपलीत ठेवलेत. मोजू नकोस, सगळे आहेत."

आझेलीनं मोजले नाहीत. ती मोजा हातात घेऊन उभी राहिली आणि मग नाक त्याच मोज्याला पुसलं. थोड्या वेळानं यूसेब आला आणि आम्ही चौघं भिडलो.  नेल्वा मधूनमधून शिव्या द्यायची आणि आझेली दर वेळी "अजून ईस्टर लागायचाय, पोरी, जीभ आवर," म्हणून सांगायची.

गिद्री आला तेव्हा फक्त कोपरा राहिला होता. त्यानं पट्टी आत धरली, बाहेर धरली, भिंतीच्या कडेकडेनं सरकत आला आणि मारियामातेपाशी थांबला.

"इथे अजून चार बोटं वर आहे. अख्खी बाजू म्हणजे अख्खी बाजू, मिस आझेली."

सगळे मूर्तीकडे बघायला लागले. हिला हलवायला कुणाचा हात पुढे होईना. शेवटी आझेलीच पुढे झाली, वाकली आणि मूर्तीशी शेजारणीशी बोलावं तसं बोलली.

"थोडी खाली उतर, माते. कागदासाठी आहे. तुला वर चढवायला गेले आणि सगळ्यांनाच तळघरात घातलं."

गिद्रीनं दुर्बिणीवर झाकण घातलं. "मला कॉफी मिळेल का? माझी कॉफी संपेपर्यंत मी पट्टी उचलत नाही. आणि मी कॉफी फार सावकाश पितो."

तो पाण्याकडे तोंड करून ट्रेलरच्या पायरीवर बसला. यूसेब आणि नेल्वानं टबासकट मूर्ती उचलून अंजिराच्या झाडाखाली नेली. ढीग उपसला, सपाट केला, बायूकडे उतार दिला. कॉफीचा दुसरा कप चालू होता. नेल्वानं फावडं टाकलं तेव्हा गिद्री उठला, पट्टी धरली, आकडा बघितला, पुन्हा आत जाऊन बघितला.

"कागद आठवडाभरात येईल," तो म्हणाला, "पण आत्ताच सांगून टाकतो. तळघर गेलं. तुमची सगळ्यात खालची जमीन म्हणजे ती वरची, स्वयंपाकघराची. पूररेषेच्या चांगली वर."

आझेलीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. चेहऱ्याला चिखल लागला. "पुढच्या वेळी येशील तेव्हा भेंडी करणार नाही," ती म्हणाली.

नेल्वा बूट काढत होती. ती आईला म्हणाली, "मी एक शब्द बोलणार नाही म्हणाले होते. नाही बोलत." आणि बूट झटकत, "पण मागच्या बाजूला दिवा बसवून घे. अंधारात धडपडशील."

ईस्टरच्या दुपारी किल्ली हातात नव्हतीच, म्हणून सगळे नव्या घराच्या बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो. रंगवलेली उकडलेली अंडी एकमेकांवर टोकाला टोक लावून ठोकायची, ज्याचं फुटेल त्यानं ते जिंकणाऱ्याला द्यायचं. नेल्वानं एकाच अंड्यानं आमची सगळ्यांची फोडली. यूसेबनं तिचं अंडं हिसकावून उन्हात धरलं, कानाशी नेलं.

"हे गिनी कोंबडीचं आहे. त्याचं कवच दगडासारखं असतं. ही पोरगी लहानपणापासून अशीच."

"सिद्ध करा, यूसेबकाका," नेल्वा म्हणाली आणि अंडं सोलून खाऊन टाकलं.

घराचे पाय मागून उघडे दिसत होते, आणि आझेलीला त्याचं आता काही वाटत नव्हतं. मारियामाता अंजिराच्या सावलीत, जमिनीवर, सगळ्यांच्या बरोबरीनं होती. आझेली म्हणाली, तिला तिथंच बरं वाटतंय.

मी निघाले तेव्हा ती टोपली घेऊन माझ्या मागोमाग गाडीपर्यंत आली. टोपलीत ओल्या गोणपाटाखाली आयरिसचे गड्डे होते, मातीसकट.

"मी माझे पाण्याजवळ लावणार, भिंतीपासून लांब," ती म्हणाली. "पण पाणी पुन्हा येणारच आहे. तुझं घर कारखान्याच्या उंचवट्यावर आहे, म्हणून हे तुझ्याकडे राहू देत. भिंतीला टेकून लावू नकोस. माझे वाहून गेले तर यातला एक मला आणून दे. आणि मी नसले तर नेल्वाला नेऊन दे. ती नको म्हणेल. तरी दे."